चार घराणी, पाचवे युराकर आणि ठाणेदारांस गेलेला जबाब

श्रीसांब प्रसन्न. जो कणास कण जोडितो आणि जोडलेले पुन्हा सोडवितो, त्यास नमन करून ही हकीकत सांगितली जाते. जन्मशके एकेचाळीसचे साली, वैशाख मासी, ऊन ऐन भरात असता, धुंडिराजपंत नक्कलनवीस यांच्या शेल्याच्या गाठीस एक पत्र बांधलेले होते आणि त्याचा जबाब गेला नव्हता. या राज्यात साल मोजावयाचे ते ज्या थोर देहाच्या कातडीत हे राज्य वसले त्याच्या जन्मापासून मोजावयाचे, अशी वहिवाट आहे. राज्यास नाव नाही, आणि तसली राज्ये त्या एका देहात इतकी आहेत की नावे द्यावयास बसले तर भाषा संपेल. पत्र होते वरल्या सरहद्दीचे सटवोजी ठाणेदार यांचे. त्यांचे ठाणे अगदी उघड्यावर, आणि उन्हाचे बाण आधी त्यांच्यावर पडावयाचे. सबब त्यांनी लिहिले होते की, ऊन फार चढले, माणसे होरपळतात, तरी काळ्या रंगाच्या छत्र्या कृपा करून लौकर पाठवाव्या. छत्र्यांचा रंग करणारे रंगारी या राज्यात होते, राज्याच्या मध्यभागी जो किल्ला त्याच्या तटाबाहेर त्यांचा कारखाना होता, हत्यारे होती, हात रिकामे होते. पण रंगाऱ्यांची रीत अशी की, किल्ल्यातून कृती सांगणारा जबाब आल्यावाचून त्यांनी बोटसुद्धा हलवू नये. आणि जबाब निघावयाचा तो धुंडिराजपंतांच्या हातून. म्हणजे सरहद्दीची सावली एका पंतांवर येऊन अडली होती, आणि हे पंतांस पुरते ठाऊक होते, म्हणून तर त्यांस झोप नव्हती.

पंत स्वभावाने फार भिडस्त. वाचनाचा नाद मोठा, किल्ल्यातील मूळ पोथी त्यांनी जितकी वाचली तितकी दुसऱ्या कोणी वाचली नसेल, आणि जितकी अधिक वाचली तितकी धास्ती अधिक घेतली. आपल्या हातून चूक जाईल, आणि ती चूक दूरच्या मुलखात जाऊन कोणाच्या तरी डोक्यावर पडेल, ही एकच चिंता. जबाब करावयास घ्यावा आणि चार पावले जाऊन मनात यावे की, मघाचे ते बरोबर होते का. मग परत यावे, पाहावे, बरोबरच असावे, आणि तरीही मोडून टाकावे. पत्र मात्र शेल्यास तसेच, आणि चालताना ते मांडीस लागे, आणि लागले की पंत दचकत.

आता ही पोथी कशी ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढील मजकूर ध्यानात यावयाचा नाही. पोथी उभ्या माणसांची होती. माणसे चार घराण्यांची: अडेनकर, थायमकर, ग्वानकर आणि सायटोकर. विद्वान लोक यांस अडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन म्हणतात, आणि धड-कडीसकट एकेका असामीस न्यूक्लिओटाइड म्हणतात, पण घरात कोणी अशी हाक मारीत नाही. प्रत्येकाचे शरीर तीन जिनसांचे. मध्ये साखरेचे धड, खांद्यास फॉस्फेटची कडी, आणि पुढे मुख. धड आणि कडी सर्वांची एकाच साच्यातील. घराणे ओळखावयाचे ते मुखावरून. एकाने आपली कडी शेजाऱ्याच्या धडात अडकवावी, त्याने त्याच्या शेजाऱ्याच्या, अशी लांबच लांब रांग. आणि तिच्यासमोर तोंडास तोंड करून दुसरी रांग, उलट अंगाने उभी. आणि दोन्ही मिळून पिळलेल्या दोरासारख्या वळत गेलेल्या. कोण कोणाशेजारी उभा आहे हाच पोथीचा मजकूर. अडेनकर आणि ग्वानकर रुंद मुखाचे, थायमकर आणि सायटोकर अरुंद मुखाचे. दोन रुंद समोरासमोर आले तर मधली गल्ली फुगावी, दोन अरुंद आले तर हातास हात पोचू नये. म्हणून पूर्वजांनी लावून दिले की अडेनकरांनी थायमकरांचे हात धरावे आणि ग्वानकरांनी सायटोकरांचे. त्यात अडेनकर-थायमकर यांचे धरणे दोन हातांचे आणि ग्वानकर-सायटोकर यांचे तीन हातांचे, आणि या तिसऱ्या हाताचा ग्वानकरांस इतका ताठा की लग्नकार्यातसुद्धा तोच विषय निघे.

पोथीतील माणसाने जागा सोडावयाची नाही, किल्ल्याबाहेर तर पाऊल टाकावयाचे नाही, असा सक्त नियम. मग जबाब जावयाचा कसा? तर त्याकरिता किल्ल्याच्या अंगणात याच घराण्यांची धाकटी पाती मोकळी फिरत असे. पोथीत उभ्या असलेल्या थोरल्या पातीने आपल्या धडातील ऑक्सिजनचा एक कण पूर्वी कधी टाकून दिला होता, आणि त्यामुळे ती शांत, थंड आणि टिकाऊ झाली. धाकटीने तो ठेविला, आणि त्यामुळे ती तापट, उतावळी, कामास चपळ आणि थोड्याशाने विसकटणारी राहिली. धाकटी पातीच खरी मूळची, थोरली मागाहून झाली, असेही काही जाणते म्हणतात, पण ते किल्ल्यात मोठ्याने बोलत नाहीत. आणि थायमकरांची गोष्ट निराळी. त्यांच्या मुखावर मिथाइलचा एक तुरा असे, आणि तो तुरा घेऊन जबाबाच्या रांगेत धुळीत उतरणे त्यांस मानवत नसे. त्यांच्या जागी अंगणात युराकर असत, ज्यांस विद्वान युरासील म्हणतात. मुख हुबेहूब थायमकरांचे, तुरा तेवढा नाही, आणि अडेनकरांचे दोन हात धरण्यास तितकेच लायक. थायमकर त्यांस भाऊबंद म्हणत नसत. युराकर म्हणत, नका म्हणू, हिंडावयास तर आम्हांस मिळते.

पंतांचे काम असे की, पोथीचा पाहिजे तो भाग गाठावा, तेथे दोन्ही रांगांचे हात सोडवावे, एका रांगेकडे तोंड करावे आणि दुसरीकडे पाठ; आणि मग एकेक मुख पाहून अंगणातून त्याचा जोडीदार बोलवावा. थायमकर दिसला तर अडेनकर यावा, अडेनकर दिसला तर युराकर, ग्वानकरास सायटोकर आणि सायटोकरास ग्वानकर. आणि आलेल्यांच्या कड्या एकात एक अडकवीत न्याव्या. ही जी नवी एकेरी रांग होई तोच जबाब. ती चालत कारखान्यात जाई, आणि रंगारी तीन-तीन माणसांची मुखे पाहून कोणती जिन्नस घालावी ते समजत. मध्ये एक माणूस चुकीचा लागला की जिन्नस चुके, आणि रंग धरत नसे.

ऐसे असता एके दिवशी तुळाजी जासूद पुन्हा आला. हा ठाण्यावरचा माणूस, तोंडाने फटकळ, मागले पत्रही त्यानेच आणिले होते. त्याच्या पाठीची सालपटे निघाली होती. तो पायरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, “पंत, आमच्या पत्राचे काय झाले?”

पंत म्हणाले, “विचार चालू आहे.”

“विचाराची सावली पडत असती तर मी एवढा उतरून आलोच नसतो,” तुळाजी म्हणाला. “ठाणेदारांनी विचारले आहे की, आम्ही छत्री मागितली की पंतांची तीर्थयात्रा? माणसे गळून पडताहेत वरती. आणि आम्ही गेलो की ऊन काही थांबत नाही, ते सरळ तुमच्या या किल्ल्यात उतरेल. मग या थोरल्या पातीचे काय होते ते बघत बसा.”

हे शेवटचे बोलणे पंतांच्या वर्मी लागले. पोथीवर त्यांचे लेकरासारखे प्रेम. ते उठले, शेला आवळला, आणि छत्र्यांच्या रंगाचा भाग जेथे होता तेथे गेले, आणि हात सोडवून रांगेपुढे उभे राहिले. पहिला होता थायमकर. मग पंत अंगणाकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले की, कोणी अडेनकर मोकळे असल्यास, आणि त्यांची गैरसोय होत नसल्यास, इकडे येतील काय. अंगणात ही गर्दी आणि हा कोलाहल. कोणी ढुंकून पाहिले नाही. दुसऱ्यांदा बोलावयास पंतांस लाज वाटली. तेव्हा तुळाजी मागे उभा होता, त्याने कानावर हात ठेवून अशी आरोळी दिली की चार अडेनकर एकमेकांस ढकलीत आले. मग तशीच रीत पडली: पंतांनी मुख पाहून पुटपुटावे आणि तुळाजीने ओरडावे. काम झपाट्याने चालले. युराकर आले, ग्वानकर आले, सायटोकर आले, कडीत कडी अडकत गेली, आणि जबाबाची रांग पंतांच्या मागे वाढत वाढत अंगणाच्या मध्यापर्यंत गेली. तुळाजी म्हणाला, “हे असे आहे होय. मग इतके दिवस काय करीत होता?” पंत पुढल्या मुखाकडे वळले.

निम्म्याच्या पुढे गेल्यावर पंत थबकले. समोर पोथीच्या रांगेत दोन असामी शेजारी शेजारी उभ्या, आणि दोघांनी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून असे घट्ट आवळले होते की मुख कोणाचेच दिसेना. हा उन्हाचा विकार होय. उन्हाचा बाण लागला की अरुंद मुखाच्या दोन शेजाऱ्यांस भलताच उमाळा येतो, समोरच्या जोडीदाराचे हात सुटतात, आणि ते आपसांत मिठी मारून बसतात, ती मिठी आपण होऊन सुटत नाही. रुंद मुखाच्या माणसांस हे होत नाही. ते म्हणतात आमची तशी वागणूक नाही. पंतांनी वाकून पाहिले, बगलेतून पाहिले, खाकरले. “आपले घराणे कळेल काय?” असे अदबीने विचारले. आतून नुसते हुंकार आले.

तुळाजी म्हणाला, “यात काय बघावयाचे? असे गळ्यात पडणारे थायमकरच असतात, उभ्या मुलखास ठाऊक आहे. दोन अडेनकर लावा आणि चला पुढे.” आणि त्याने सांगितले की, शेजारच्या दुपटीखात्यात, जेथे सबंध पोथीची दुसरी प्रत करितात, तेथे बगाजी म्हणून एक आहेत, ते अशी मिठी दिसली की डोळे झाकून दोन अडेनकर लावितात आणि जेवावयास जातात, आणि बहुतेक वेळा बरोबरच येते.

पंत म्हणाले, “बहुतेक वेळा.”

“मग?”

“सायटोकरही अरुंद मुखाचेच. यात एखादा सायटोकर असला तर?”

तुळाजीने कपाळास हात लाविला. मागे रांगेत कुरबुर सुरू झाली. धाकट्या पातीस उभे राहणे म्हणजे शिक्षाच. पहिल्या क्रमांकाचा अडेनकर म्हणाला की आम्हांस बोलावून आणिले आणि आता ताटकळत ठेविता. एक युराकर म्हणाला की तुरेवाल्यांच्या प्रेमप्रकरणापायी आम्ही का खोळंबावे. कोणी म्हणाले की अजून थोडा वेळ गेला तर आम्ही कड्या सोडून घरी जातो. आणि तुळाजी म्हणाला, “पंत, या दोघांपायी माझे ठाणे जळेल. तुमच्या शंकेची किंमत आम्ही का द्यावी?”

पंतांनी रांगेकडे वळून पाहिले. त्यांस वाटले, तुळाजीचे खरे आहे. आपण नेहमी थांबतो, आणि थांबण्याने कोणाचे भले झाले असे आपल्यास आठवत नाही. दुसरा कोणी येथे असता तर केव्हाच पार झाला असता. एकदा त्यांचे तोंड उघडलेसुद्धा, दोन अडेनकर म्हणावयास. पण त्यांनी पुन्हा एकदा मिठीकडे वाकून पाहिले. मग ते अगदी हळू म्हणाले, “तुळाजीबोवा, मला मुख दिसत नाही. जे दिसले नाही त्याचा जोडीदार मला बोलाविता येत नाही. रागावू नका.” आणि रांगेचे टोक हातात घट्ट धरून ते तेथेच उभे राहिले. पुढे जाईनात, मागे जाईनात, आणि या वेळी आश्चर्य असे की, केलेले मोडीनातही.

थोड्या वेळाने गल्लीतून सगुणाबाईंची स्वारी आली. या किल्ल्याच्या डागडुजीवरच्या मुख्य. पदर खोचलेला, मागे कात्रीवाले, सांधेवाले आणि भरतीची माणसे. बाई आल्या, मिठीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “आले का ऊन येथवर! पंत, बाजूस व्हा थोडे.” पंत चार पावले मागे सरले, रांगही मागे सरली, कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडला आणि शिव्या झाल्या. आणि पंत म्हणाले, “बाई, माफ करा. माझ्यामुळे खोळंबा झाला. वाट अडवून बसलो आहे.”

सगुणाबाई कात्री धरणाऱ्यास खूण करीत होत्या, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “माफी कसली मागता? एवढा थोरला किल्ला, कोठे कोण कोणाच्या गळ्यात पडला आहे हे आम्हांस कसे कळावे? नक्कलनवीस अडून उभा राहिला की आम्ही समजतो, तेथे बिघाड आहे, आणि धावतो. न थांबता निघून जाणाऱ्यांच्या मागे आम्ही कोठे कोठे शोधावे? तो बगाजी आजवर एकदाही थांबला नाही. त्याच्या खात्यात काय काय उभे आहे ते देव जाणे.”

पंतांनी हे ऐकले आणि खाली पाहिले. आयुष्यभर ज्याची लाज धरली त्यास कोणी कामाचे म्हणेल, असे त्यांच्या वाचनात कोठे आले नव्हते.

मग कात्रीवाल्यांनी मिठीच्या दोन्ही अंगांस थोडी जागा सोडून रांग कातरली आणि मिठीसकट तो तुकडा उचलून बाजूस नेला. आता रिकाम्या जागेत कोण उभे करावे, हे ठरवावयाचे समोरच्या रांगेवरून. पंतांस तिकडे पाहण्याची मुभा नाही, पण डागडुजीवाल्यांस आहे. समोरची रांग आपण होऊन बोलत नाही, विचारले तरच बोलते. सगुणाबाईंनी समोर जाऊन विचारले की, मिठीवाल्यांचे जोडीदार कोण. तेव्हा एक अडेनकर पुढे होऊन म्हणाला, “मी एक. माझे दोन्ही हात केव्हाचे लोंबताहेत.” आणि त्याच्या शेजारून आवाज आला, “त्यांचे दोनच. आमचे तीन लोंबताहेत.”

बाईंनी मान वळवून सांगितले, “पंत, हे दुसरे ग्वानकर आहेत.”

समोर ग्वानकर, म्हणजे मिठीतील एक थायमकर खरा, पण दुसरा सायटोकर होता. म्हणजे दोन अडेनकर लाविले असते तर दुसरा चुकला असता, आणि रंगाऱ्यांनी भलती जिन्नस घालून भलताच काढा केला असता, आणि छत्र्या बिनरंगाच्या जाऊन ऊन त्यांतून आरपार आले असते. तुळाजीने आपल्या पाठीचे एक सालपट काढिले. मग म्हणाला, “थायमकरांविषयी मी उगीच बोललो. सायटोकरही काही कमी नाहीत.” याहून अधिक माफी त्याच्याने मागवली नाही.

भरतीची माणसे थोरल्या पातीचीच होती. त्यांतून समोरच्यांस पाहून एकेक जोडीदार उभा केला, थायमकराचा तुरा नीट केला, सायटोकरास तिन्ही हात देवविले, शेवटची कडी सांधेवाल्याने बसविली, आणि पोथी पूर्ववत जाहली. सगुणाबाई निघाल्या, दुसरीकडे कोणी अडले होते. मग पंत पुढे आले, हात पुन्हा सोडविले, आणि थायमकर पाहून अडेनकर म्हणाले आणि सायटोकर पाहून ग्वानकर म्हणाले. तुळाजी सांगतो की, ग्वानकर हा शब्द पंतांनी स्वतः मोठ्याने उच्चारिला, आरोळी द्यावी लागली नाही. यात तुळाजीची थोडी भर असेल.

तेथून शेवटापर्यंत अडचण आली नाही. शेवटी, वेशीवरचे लोक ज्यावाचून कोणास बाहेर सोडीत नाहीत ते सोपस्कार जाहले. रांगेच्या अग्रभागी एक ग्वानकर उलटा जोडितात, तो बाकीच्यांकडे तोंड करून पाठमोरा चालतो. का, ते कोणी सांगत नाही, पण तसा नसला तर वाटेत लुटारू रांगेस पुढून कुरतडतात. शेवटास नुसत्या अडेनकरांचे लांब शेपूट लाविले, त्यांस सांगावयाचे काही नसते, मागून कुरतडणाऱ्यांनी आधी त्यांस कुरतडावे एवढेच काम. रांगेच्या मध्ये पोथीतून उतरलेला, कृतीशी संबंध नसलेला पूर्वजांचा जो पाल्हाळ होता तो कातरणाऱ्यांनी कातरला आणि टोकास टोक जोडिले. पंतांस पाल्हाळाचे वाईट वाटले, त्यांस तो भाग आवडत असे.

मग रांग वेशीशी आली आणि दरवाजा उघडला. सर्वांपुढे तो उलटा ग्वानकर, म्हणून त्याची पाठ बाहेर आणि तोंड आत पंतांकडे. तो पंतांस ओळखून होता. उंबऱ्यावर तो थांबला, मागची सारी रांग थांबली, आणि तो म्हणाला, “पंत, एकदा गेलो की परत बोलाविता यावयाचे नाही. पुन्हा पाहावयाचे असेल तर आत्ताच पाहा.”

पंतांनी रांगेकडे पाहिले. सवयीने एक पाऊलही उचलले. आणि पंतांनी उचललेले पाऊल होते तेथेच ठेविले आणि म्हणाले, “पाहिले आहे. निघा.”

तात्पर्य, कारखान्यात रांग पोचली, रंगाऱ्यांनी तीन-तीन मुखे पाहून कृती समजून घेतली, काळा रंग धरला, छत्र्या वर गेल्या आणि ठाण्यात घरोघर डोक्यांवर उघडल्या. रांगेतील मंडळी काम होताच धाकट्या पातीच्या स्वभावाप्रमाणे विसकटली आणि पुन्हा अंगणात येऊन दुसऱ्या कोणाच्या जबाबाकरिता मोकळी फिरू लागली. ज्या थोर देहाकरिता हे सर्व जाहले त्याने त्या सुमारास आरशात पाहिले आणि यंदा मान फार काळवंडली म्हणून कुरकुर केली. ती किल्ल्यापर्यंत पोचली नाही. येणेप्रमाणे चार घराण्यांनी उभे राहून, पाचव्याने चालून आणि धुंडिराजपंतांनी एकदा थांबून व एकदा न थांबून, जन्मशके एकेचाळीस, वैशाख मासी, ठाणेदारांच्या पत्राचा जबाब रवाना केला.